'शिराझ': मोगल दरबारात घुमट वाजला तर बिघडलं कुठे?

अंत्रुजी

पावसात आमच्याकडे गोव्यात जत्रा नाहीत, नाटकं नाहीत, सभागृह स्वस्तात मिळतं. त्याचा फायदा घेऊन फोंड्यातल्या एका मंडळानं परवा 'शिराझ' दाखवला. १९२८ चा मूकपट. पडद्याच्या डाव्या अंगाला हार्मोनियम, व्हायोलिन, तबला आणि घुमट (आमचं मातीच्या भांड्याचं, कातडं मढवलेलं तालवाद्य) घेऊन चौघे बसले आणि शेवटपर्यंत वाजवत राहिले. इंग्रजी पाट्या येतील तशा एक नाटकवाला मराठीत वाचत होता. तेव्हापासून ओळखीतले लोक दोन गटांत भांडताहेत. म्हटलं, इथेच भांडूया.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. वाळवंटात काफिल्यावर दरोडा पडतो, एक तान्ही मुलगी तेवढी वाचते. एक कुंभार तिला घरी नेतो. ती सलीमा, आणि कुंभाराचा मुलगा शिराझ. मोठेपणी त्याचा तिच्यावर जीव. गुलामांचे व्यापारी तिला पळवतात, बाजारात शहजादा खुर्रम तिला विकत घेतो आणि तिच्या प्रेमात पडतो. शिराझ मागोमाग राजवाड्याच्या दारात. दालिया नावाची सरदारकन्या कारस्थान करते, शिराझ महालात पकडला जातो, त्याला हत्तीच्या पायी द्यायचा हुकूम होतो. ऐनवेळी ताइतावरून कळतं की सलीमा राजघराण्यातली. मग ती मुमताज महल. वर्षानुवर्षांनी ती वारते, बादशहा कबरीसाठी नमुने मागवतो, आणि पसंत पडतो तो शिराझचा. तोवर तो आंधळा झालेला असतो.

पैसा जर्मन आणि ब्रिटिश कंपन्यांचा, दिग्दर्शक म्युनिकचा फ्रान्झ ऑस्टेन. पण मूळ नाटक निरंजन पाल यांचं, शिराझ झालेत स्वतः निर्माते हिमांशू राय, खुर्रम चारू रॉय, सलीमा एनाक्षी रामा राव, दालिया सीतादेवी. नट झाडून सगळे इथले आणि चित्रीकरणही सगळं इथलंच. कापडावर रंगवलेले महाल नाहीत, खरे किल्ले, खरी जाळीदार गवाक्षं, उंटांच्या रांगा. २०१७ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं प्रत दुरुस्त केली तेव्हा अनुष्का शंकर यांनी तिला नवं संगीत दिलं. परवा ते संगीत बंद ठेवलं होतं.

आता माझं म्हणणं. गोष्ट धादांत खोटी आहे आणि राजाचं प्रेम हा सिनेमातला सगळ्यात फिका भाग आहे. चारू रॉय देखणे दिसतात, बस्स. तरीही मी दर पावसाळ्यात हा सिनेमा बघायला तयार आहे, आणि तो असाच, आमच्या वाद्यांवर. कारण हत्तीचा प्रसंग. शिराझ हात बांधून जमिनीवर आडवा. हत्ती सावकाश येतो, पाय उचलतो आणि तो पाय डोक्यावर येऊन थांबतो. कॅमेऱ्याची चलाखी नाही, खाली खरोखर हिमांशू राय आहेत. तबला थांबला. हार्मोनियम थांबली. फक्त घुमट. डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकायचं, सोडायचं, परत झाकायचं, त्यातून निघणारा तो पोटातला आवाज. माझ्या पुढच्या रांगेतली आजी मोठ्यानं म्हणाली, "अरे देवा, पांय काड रे!"

ही दाद कुठल्या संगमरवरानं मिळवली नसती. घुमटाला नाकं मुरडणाऱ्यांनी आता यावं.

साखळीचा मास्तर

नाक मुरडतो आहे. पण घुमटाला नव्हे, तो पुढचा मुद्दा.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदकांनी 'शिराझ'ची ओळख 'ऐतिहासिक चित्रपट' अशी करून दिली. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्या सभागृहात शंभर माणसे असतील तर त्यातली नव्वद आता घरी जाऊन सांगणार की मुमताज कुंभाराच्या घरी वाढली आणि ताजमहालाचा नकाशा तिच्या मानलेल्या भावाने काढला.

मुमताजचे नाव अर्जुमंद बानू. आसफ खानाची मुलगी, नूरजहानची भाची. जहांगीरच्या दरबारात तिच्या घरापेक्षा वजनदार घर शोधून सापडले नसते. १६०७ मध्ये खुर्रमशी तिचा वाङ्‌निश्चय झाला, १६१२ मध्ये लग्न. गुलामांचा बाजार नाही, काफिला नाही, ताईत नाही. ती वारली १६३१ च्या जूनमध्ये, आणि आग्र्यात नव्हे, बुऱ्हाणपुरात. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर होता, ती सोबत होती, चौदाव्या बाळंतपणात गेली. आधी तिला तिथेच तापीकाठच्या बागेत पुरले, काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. ताजमहालाच्या बांधकामात उस्ताद अहमद लाहौरी या स्थपतीचे नाव घेतले जाते. त्या बिचाऱ्याला या चित्रपटात जागा नाही. कारागिराचे डोळे काढण्याची गोष्ट तर जगातल्या अर्ध्या सुंदर इमारतींबद्दल सांगतात. तिला पुरावा नाही.

खऱ्या कथेत नाट्य कमी आहे का? मोहिमेच्या छावणीत बाळंत होणारी बायको, परमुलखातली कबर, मग तो देह घेऊन केलेला प्रवास. हे सोडून उंट आणि दरोडेखोर कशाला?

अंत्रुजी

मास्तर, निवेदकाचं पाप सिनेमाच्या माथी कशाला? जत्रेतल्या नाटकात संभाजी महाराज दोन पदं म्हणून मग तुरुंगात जातात. आम्ही रडतो. सकाळी उठून इतिहासाच्या पेपरात पदं लिहीत नाही.

साखळीचा मास्तर

लिहितात बाब. मी तपासले आहेत ते पेपर.

काबोचा रहिवासी

मास्तरांच्या बाजूनं एक घरचा दाखला. दोनापावलाला जा, कुठलाही टॅक्सीवाला सांगेल: दोना पावला नावाची राजकन्या, मासेमाऱ्यावर प्रेम, बापाचा विरोध, कड्यावरून उडी. आणि तिथल्या खडकावरचा तो पांढरा पुतळा म्हणजे ते दोघं.

आता वस्तुस्थिती. दोना पावला ही घरंदाज, लग्न झालेली पोर्तुगीज बाई होती. ती १६८२ मध्ये वारली आणि तिची शिळा काबोच्या राज्यपाल निवासातल्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आजही आहे. पुतळा १९६९ चा, इर्सा फॉन लाइस्टनर नावाच्या जर्मन शिल्पकर्तीनं केलेला, त्याचं नाव 'इमेज ऑफ इंडिया'. पुरुष पूर्वेला बघतो, बाई पश्चिमेला. प्रेमाचा काही संबंध नाही. (जर्मनांना आमच्या प्रेमकथांचं काय एवढं असतं, कळत नाही. तिकडे ऑस्टेन, इकडे ही.)

शिळा बघायला वर्षाकाठी किती लोक जातात आणि पुतळ्याबरोबर सेल्फी काढायला किती, हे मी सांगायला नको. खोटी प्रेमकथा एकदा रुजली की खऱ्या बाईला तिच्या थडग्यावरही कुणी विचारत नाही. म्हणून 'जत्रेतलं नाटक' म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

मुंबईकर भाचा

इतिहास ठेवा बाजूला. मला त्या संध्याकाळी वेगळाच त्रास झाला.

मी हा सिनेमा अनुष्का शंकर यांच्या संगीतासह पाहिलाय. सतार, बासरी, तालवाद्यं, आणि मुख्य म्हणजे गप्प बसायची अक्कल. एनाक्षी रामा राव पहिल्यांदा महालात आणली जाते तेव्हा ती काहीच 'करत' नाही. मान खाली, मग एकदाच वर, डोळ्यांत भीती कमी आणि राग जास्त. १९२८ च्या मानानं हा फार संयमी अभिनय आहे. नाहीतर त्या काळातली मंडळी कपाळावर हात मारून दुःख दाखवायची. परवा ती मान वर उचलत होती नेमक्या त्याच क्षणी आमचे सूत्रधार गरजले, "हे राजपुत्रा! मी विकली गेले असेन, पण माझं मन…" पाटीवर एक साधं वाक्य होतं. उरलेलं त्यांनी पदरचं घातलं.

आणि घुमट. सॉरी मामा, पण मला दर वेळी चतुर्थीची आरती आठवत होती. सतराव्या शतकातला आग्रा, पाठीमागे सुखकर्ता दुःखहर्ता. मूकपट मूक असतो म्हणून त्यात आपण काहीही ओतावं असं नाही.

भाजी-बन

मध्यंतरातला चहा मात्र ऐतिहासिक होता. जहांगीरच्या काळात केलेला असावा.

व्हायोलिनवाला

मी त्या चौघांतला एक. बाजू मांडतो.

पहिलं, हे 'मूळ संगीत' प्रकरण. भारतात मूकपटांबरोबर ठरलेलं असं एक संगीत जात नसे. मोठ्या शहरातल्या इंग्रजी थेटरांत ऑर्केस्ट्रा असे, गावोगावच्या तंबूत पेटी-तबला. मुंबईतल्या त्या ऑर्केस्ट्रांत कोण होते ठाऊक आहे ना? आमचेच गोंयकार. इगर्जीच्या (चर्चच्या) शाळांत लहानपणी सोल्फा, म्हणजे पाश्चात्य स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकलेले, कागद समोर ठेवला की वाजवणारे. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पडदा बोलायला लागला, आणि थेटरातल्या वादकांचं काम गेलं. पुढे त्याच परंपरेतली माणसं स्टुडिओत शिरली आणि हिंदी सिनेमाचं वाद्यवृंद-संगीत त्यांच्या हातून घडलं. तेव्हा पडद्यासमोर बसून गोव्याच्या माणसानं व्हायोलिन वाजवणं यात काही नवं नाही, फोंड्याला नवं असेल. भाच्यानं ऐकलेलं संगीत सुंदरच आहे, पण तेही सिनेमानंतर ८९ वर्षांनी आलेलं. ते 'अस्सल' आणि आमचं 'भेसळ' असं कसं?

दुसरं, घुमट. आम्ही आधी बसून सिनेमा पाहिला, वहीत खुणा केल्या. दरबाराला दरबारी कानडा वाजवायचा मोह प्रत्येकाला होतो, आम्हालाही झाला, टाळला. लग्नाला शहनाई नाही. घुमट आला तो कुंभारामुळे. घुमटाचं भांडं मातीचं, कुंभाराच्या चाकावरून उतरलेलं. पूर्वी तोंडाला घोरपडीचं कातडं मढवत, आता कायद्यानं बंदी म्हणून बकऱ्याचं. तेव्हा ठरलं की घुमट राजाला वाजवायचा नाही. फक्त शिराझला. तो माती मळतो तेव्हा हलका, हत्तीखाली पडतो तेव्हा एकटा, शेवटी आंधळेपणी हातांनी नमुना चाचपतो तेव्हा परत. दरबार दिसला की घुमट बंद, हार्मोनियम सुरू. भाच्याला आरती ऐकू आली कारण त्यानं घुमट आरतीतच ऐकलाय. त्याला आम्ही काय करणार.

सूत्रधाराबद्दल मी काही बोलत नाही. तो माझा मेहुणा.

मुंबईकर भाचा

राजाला घुमट नाही, हे लक्षात आलं नव्हतं. हे डोकं लावलेलं आहे, मान्य. पण मग सूत्रधाराला कोण आवरणार?

कवळ्याची सून

आवरू नका. माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. पाट्या कुणी वाचल्या नसत्या तर त्या दहा मिनिटांत उठल्या असत्या. त्या काळातही पाट्या तीन-तीन, चार-चार भाषांत असत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना कुणीतरी वाचून दाखवायचाच. पदरचं घातलं हे चूक, वाचलं हे बरोबर.

जाईची वेणी

इतका वेळ बहुतेक पुरुषच बोलताहेत आणि एकालाही सिनेमातला खरा खोटेपणा दिसला नाही. मास्तरांनाही नाही.

मुलगी बाजारात विकली जाते. राजपुत्र बोली लावतो. ती त्याला नकार देते, तोही तिच्यावर जबरदस्ती करत नाही, म्हणून तो थोर. बरं. दोघांचं जुळतं. पण लग्न होईल का? नाही. गुलाम आहे ना ती. मग गळ्यातला ताईत निघतो, रक्त राजाचं निघतं, आणि एका क्षणात ती राणी व्हायला लायक होते. तीच मुलगी, तोच चेहरा, काल जी होती तीच. म्हणजे बाजारात तिची किंमत लागते आणि ताइतातून तिची इज्जत निघते. तिचं स्वतःचं काय? काही नाही. आणि दुसरी, दालिया, जिला काहीतरी हवं आहे आणि ते मिळवायला ती हातपाय हलवते, ती खलनायिका. सीतादेवीनं ती भूमिका अशी काही केलीय की सिनेमातली एकमेव जिवंत बाई तीच वाटते. तिला शेवटी हाकलून देतात.

आता हे फोंड्यात बघा. अंत्रुज महालातली देवळं, त्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायका. गाणं त्यांनी करायचं, दाद पुरुषांनी द्यायची, लग्न मात्र दुसरीशी. रक्ताचा ताईत त्यांच्यापैकी कुणाच्या गळ्यात निघाला नाही. सिनेमा आला तो काळ बघा. गोमंतक मराठा समाजाची चळवळ उभी राहत होती ती याच दशकांत, बायकांनी त्या जोखडातून बाहेर पडावं म्हणून. केसरबाई केरकर इथल्याच, केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून तबकडी अंतराळात गेली तीत त्यांची भैरवी आहे. ती जागा त्यांना गळ्यानं मिळाली, ताइतानं नाही.

त्या संध्याकाळी ताईत निघाला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मला ते ऐकवेना.

आणि मास्तर, तुम्ही 'चौदाव्या बाळंतपणात गेली' हे सरळ लिहून पुढे गेलात. लग्न १६१२, मृत्यू १६३१. १९ वर्षांत १४ बाळंतपणं, त्यातली निम्मी मुलं जगली. हे तुमच्या खऱ्या इतिहासातलं अमर प्रेम. सिनेमानं ते दाखवलं नाही, पण इतिहासाच्या पुस्तकांनी तरी ते प्रेम सोडून दुसरं काही म्हटलंय का?

साखळीचा मास्तर

बाय, पुस्तकांवरचा आरोप योग्य ठिकाणी लागतो. तिच्या मृत्यूची तारीख आम्ही पाठ करून घेतो, कारण नाही.

पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूला येतो. खरी अर्जुमंद बानू घेतली असती तर ताइताची गरजच नव्हती. ती जन्माने मोठ्या घरची होती, शहाजहानच्या बंडाच्या काळात त्याच्याबरोबर मुलूखभर फिरली, पुढे बादशाही मोहोर तिच्या हाती होती असे दरबारी इतिहासकार सांगतात. हे सगळे पुसून तिला एक निरागस, पळवून आणलेली पोर केले. खोट्या इतिहासाने तिची सत्ता काढून घेतली.

जाईची वेणी

हे मात्र पटलं. तरी 'निरागस' हा शब्द एनाक्षीसाठी वापरू नका. शिकलेली मुलगी, सिनेमात काम करणं बदनामीचं होतं त्या काळात आपल्या खऱ्या नावानं पडद्यावर आली. सीतादेवी ही मुळात रेनी स्मिथ, अँग्लो-इंडियन. त्याच साली 'अनारकली'त चमकलेली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, ज्यू. हिंदू-मुसलमान घरांतल्या मुली कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, तेव्हा राण्या-शहजाद्या कोण झाल्या ते बघा. एनाक्षी त्यात वेगळी होती. पुढे एनाक्षी भवनानी या नावानं तिनं भारतीय नृत्यावर पुस्तक लिहिलं.

जुना रीळवाला

मास्तर, तुम्ही ज्या सिनेमाची आठवण काढून हळहळत असाल त्याबद्दल एक टोचणी. बाबूराव पेंटरांचा १९२३ चा 'सिंहगड'. आपला, मराठी, ऐतिहासिक. तो कशावर बेतलेला? ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवर. तानाजीची मोहीम खरी, पण कादंबरीतलं बाकीचं कथानक? तेव्हा इतिहासात पाणी घालण्याचा मक्ता एकट्या जर्मनाकडे नव्हता.

आणि त्याहून वाईट सांगतो. तो 'सिंहगड' तुम्ही बघू शकत नाही, मी बघू शकत नाही. गेला. भारतात १३०० च्या आसपास मूकपट निघाले, हाताशी आहेत ते मोजून दोन-तीन डझन, तेही बरेचसे तुकडे. नायट्रेटची फिल्म, पेटायला काडी नको, उकाडा पुरे. न पेटलेली लोकांनी चांदी काढायला विकली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघालं १९६४ मध्ये, तोवर बहुतेक सगळं संपलं होतं. तिथंही २००३ च्या आगीत नायट्रेटची रिळं जळाली.

'शिराझ' का वाचला? चांगला होता म्हणून नाही. निगेटिव्ह लंडनला होतं म्हणून. परक्यांचा पैसा होता म्हणून ते परक्यांच्या कपाटात, थंडीत, पडून राहिलं. हिमांशू राय नुसते मुंबईच्या पैशावर गेले असते तर आज इथं धागा नसता. आमच्या घरातल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींना गोव्याच्या दमटपणात पाच पावसाळ्यांत बुरशी येते, तिथं नायट्रेटचं काय सांगता.

पेडण्याचा पाहुणा

मग उपकार मानायचे का? परक्यांनी पैसा घातला तो परक्यांना हवं ते दाखवायला. उंट, हत्ती, गुलामांचा बाजार, जनानखाना, विष, साखळदंड. युरोपातल्या तिकीट काढणाऱ्याला 'पूर्व' म्हणजे जे वाटायचं त्याचीच यादी. नट आपले ठेवले म्हणजे नजर आपली होत नाही. आणि हा ऑस्टेन कोण? पुढे नाझी पक्षाचा सभासद झालेला माणूस. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा बॉम्बे टॉकीजमध्ये काम करत होता, इंग्रजांनी उचलून आत टाकला.

जुना रीळवाला

ऑस्टेनचं बरोबर. पण राय यांना त्यात धरू नका. लंडनला कायदा शिकायला गेलेला माणूस, तिथं नाटकं केली, आणि पाहिलं की युरोपच्या सिनेमात भारतीय पात्रं तोंडाला काळं फासलेले गोरे करतात. त्यांनी अट घातली, नट भारतीय, जागा भारतीय. उंट-हत्ती हे त्या अटीचं भाडं होतं. तीन सिनेमांत ते भाडं भरलं: 'प्रेम संन्यास', 'शिराझ', 'प्रपंच पाश'. आणि जे तंत्र शिकले ते घेऊन १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. दोन वर्षांत 'अछूत कन्या' काढला, त्यात राजा नाही, हत्ती नाही. दिग्दर्शक तोच ऑस्टेन. तेव्हा नजर दिग्दर्शकाचीच असते असं नाही.

पेडण्याचा पाहुणा

'अछूत कन्या'त ती मुलगी शेवटी मरते आणि ब्राह्मणाचा मुलगा जगतो. जाईची वेणी यांना विचारा कसा वाटला.

जाईची वेणी

माझ्या नावानं बिलं फाडू नका. पण हो, बोलेन कधीतरी.

अंत्रुजी

सगळं वाचलं. ताइताच्या टाळ्यांत मी होतो का, तर होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, द्यायलाही नको.

काबोच्या रहिवाशांना मात्र उत्तर आहे. दोनापावलाची दंतकथा वाईट कारण तिथं खरी शिळा बंद आवारात आहे आणि खोटा पुतळा रस्त्यावर. शिळा लोकांपुढे आणा, पुतळा पाडायची गरज नाही. तसं मास्तरांनीच पुढच्या खेळाआधी दहा मिनिटं बोलावं: अर्जुमंद, बुऱ्हाणपूर, लाहौरी, १४ बाळंतपणं, सगळं. मग दिवे घालवा आणि सिनेमा लावा. मंडळाशी मी बोलतो.

साखळीचा मास्तर

दहा मिनिटांत लाहौरीसुद्धा संपत नाही. वीस द्या. आणि निवेदकांना 'ऐतिहासिक' म्हणू देऊ नका.

व्हायोलिनवाला

वीस मिनिटं मास्तर बोलले तर आमची वाद्यं उतरतात. पंधरा.

कवळ्याची सून

मंडळवाले म्हणत होते की दिवाळीच्या आधी 'प्रपंच पाश' लावायचा. १९२९ चा, तोही राय-ऑस्टेनचा. दोन राजे, एक मुलगी, फाशांचा डाव. महाभारतातल्या द्यूतावरून उचललेला, इतिहास नाहीच, म्हणजे मास्तरांना सुट्टी.

साखळीचा मास्तर

महाभारतावर बोलायला मला इतिहासाची परवानगी लागत नाही.

मुंबईकर भाचा

'प्रपंच पाश'मध्ये चारू रॉय आणि सीतादेवीचं चुंबन आहे. चांगलं ठळक. सभागृह देवस्थानचं आहे म्हणे. आणि तिथं सूत्रधार काय वाचणार?

व्हायोलिनवाला

तिथं पाटी नाही. मेहुण्याला तेवढा वेळ चहाला पाठवतो.

भाजी-बन

चहा बदला आधी.